करत नाही की करवत नाही?

आमच्याकडे अप्रेजलच्या फॉर्ममध्ये 'ओनरशिप' नावाचा एक रकाना असतो. तीन वर्षांपूर्वी मी नुकताच टीम लीड झालो होतो आणि त्या रकान्यात एका मित्राबद्दल एक ओळ लिहिली होती. 'अव्हॉइड्स वर्क व्हेन आस्क्ड.' म्हणजे, सांगितलं की काम टाळतो. लिहिताना वाईटबिईट काही वाटलं नाही. उलट दोस्ती बाजूला ठेवून खरं ते लिहिलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. लीड कसा निःपक्षपाती पाहिजे ना राव!

त्या ओळीवरून त्याला पीआयपी लागला. आयटीत नसलेल्यांसाठी सांगतो, पीआयपी म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. नाव सुधारणेचं आहे, पण अर्थ असा की ६० दिवसांत सरळ व्हा, नाहीतर निघा. तो ४१व्या दिवशी राजीनामा देऊन निघून गेला.

गेल्या वर्षी त्याचं निदान झालं. ऑटिझम. वय वर्षे २८. आणि ज्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला तपासलं त्यांनी रिपोर्टमध्ये एक गोष्ट मुद्दाम वेगळी नोंदवली होती, की कोणी काही करायला सांगितलं की ते टाळण्याची याची टोकाची प्रवृत्ती आहे. त्याने मला तो रिपोर्ट वाचायला दिला. ते वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. कारण थोड्या वेगळ्या शब्दांत ते मी आधीच लिहून बसलो होतो. बाईंनी ते निदान म्हणून लिहिलं होतं आणि मी तक्रार म्हणून.

म्हणून आजचा लेख जरा चिडून लिहितोय. चीड आधी माझ्यावर आहे, पण फक्त माझ्यावर नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी लीड असाल, नाहीतर येत्या एक-दोन वर्षांत व्हाल. तुमच्याही टीममध्ये असा एखादा जण असू शकतो. त्याच्याबद्दल तुमची ओळ लिहिण्याआधी एवढं वाचा.

तर झालं असं होतं. रिलीजचा आठवडा. त्याचं मॉड्यूल बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवं होतं. मी सकाळी मेल टाकला, 'प्लीज पुश बाय फाइव्ह', आणि सीसीमध्ये मॅनेजर. (सीसीमध्ये मॅनेजर घालणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.) पाच वाजले, सहा वाजले, काही नाही. त्याच्या जागेवर गेलो. पठ्ठ्या बसलेला, समोर टर्मिनलची काळी खिडकी उघडी, कर्सर लुकलुकतोय. कोड तयार होता! मंगळवारी रात्रीच झालेला, टेस्टसकट. राहिली होती ती फक्त गिट पुशची एक कमांड. ती टाइप करून एंटर मारायचं. आणि सकाळी अकरापासून तो तिच्यासमोर बसून होता.

म्हटलं, "अरे, झालंय ना सगळं? मग मार ना एंटर!"

"रात्रीच मारणार होतो. म्हटलं सकाळी एकदा नजर टाकू आणि मारू. मग तुझा मेल आला. आता करवत नाहीये."

"करवत नाही म्हणजे?"

"म्हणजे करवत नाही."

मला वाटलं, नाटकं करतोय. त्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः कमांड टाइप करून एंटर मारला, आणि घरी जाताना मगरपट्ट्यापासून गाडीतळापर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. अप्रेजलची ओळ त्या संध्याकाळी तयार झाली.

आता जरा शाळेत जाऊ. मराठी व्याकरणात 'शक्य क्रियापद' नावाचा एक प्रकार होता, एका मार्काचा. 'आजीला जिना चढवत नाही.' 'मला ते दृश्य बघवत नाही.' 'ताप आलाय, आज उठवत नाही.' आपण रोज बोलतो हे. 'मी करत नाही' म्हटलं की करणं-न करणं माझ्या हातात आहे. 'मला करवत नाही' म्हटलं की 'मी'चा 'मला' होतो आणि गोष्ट माझ्या हातातून निसटलेली असते. आजीचे गुडघे गेले आणि ती म्हणाली की जिना चढवत नाही, तर घरातलं कोणी असं म्हणत नाही की आजी ओनरशिप घेत नाही.

माझ्या मित्राने मला शुद्ध मराठीत, बिनचूक व्याकरणात सांगितलं होतं. मी त्यातला 'व' खाल्ला आणि फॉर्ममध्ये 'करत नाही' असं भाषांतर करून टाकलं. माझं म्हणणं एवढंच आहे की या एका 'व'वर माणसांच्या नोकऱ्या जातात, आणि तो ऐकू न येणं हा कामचुकारपणा आपला आहे, त्यांचा नाही.

या प्रकाराला इंग्रजीत नाव आहे, पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स. थोडक्यात पीडीए. (नाही, ते जुन्या जमान्यातलं स्टायलसवालं यंत्र नव्हे :) ) इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात हे नाव दिलं. त्यांच्याकडे काही मुलं अशी यायची की ती ऑटिझमसारखी वाटायची पण नेहमीच्या साच्यात बसायची नाहीत. बोलकी, कल्पक, वरवर मिसळणारी. पण रोजच्या साध्यासुध्या गोष्टी, चप्पल घाल, जेवायला ये, इतपत जरी सांगितल्या तरी ती कोणत्याही थराला जाऊन टाळायची. कधी गोड बोलून, कधी विषय बदलून, कधी 'माझे पायच चालत नाहीत' म्हणून, आणि काहीच चाललं नाही तर आकांत करून. न्यूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरचा गाजलेला पेपर २००३ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसांकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. प्रौढांमध्ये हे मोजायची एक प्रश्नावली २०१९ साली प्रसिद्ध झाली.

आणि मुलं मोठी होतात हो! चप्पल घालायला नको म्हणणारी मुलं इंजिनिअर होतात आणि हडपसरच्या कुठल्यातरी टेक पार्कात आठव्या मजल्यावर येऊन बसतात. मोठेपणी आकांत करता येत नाही. मग माणूस दिवसभर सगळ्याला 'हो' म्हणतो. 'हो, करतो.' 'हो, आजच टाकतो.' आणि मग नेट गेलं, डोकं दुखतंय, व्हीपीएन चालत नाहीये, अशी कारणं सांगत फिरतो. बघणाऱ्याला वाटतं, काय पट्टीचा थापाड्या आहे. आतून त्याची काय अवस्था असते ते कोणी विचारत नाही.

मी विचारलं. तीन वर्षं उशिरा, पण विचारलं. फुरसुंगीच्या रस्त्यावर एका टपरीवर दोन कटिंग घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "तू कर म्हणालास की मला ऐकू 'कर' येत नाही. कोणीतरी मागून मान पकडल्यासारखं होतं. छाती धडधडते. त्या क्षणी कामाचा प्रश्नच उरत नाही, मान सोडवायचा प्रश्न असतो."

यात ऑफिसची कामं तेवढीच असतात असं समजू नका. इथेच आळशी माणसात आणि यात फरक आहे. आळशी माणूस नावडतं काम टाळतो आणि आवडतं मजेत करतो. हा आवडतं कामसुद्धा टाळतो! भूक लागली म्हणून स्वतः मागवलेलं जेवण याच्या टेबलावर दोन-दोन तास बंद पडून असतं. का? तर 'आता गरम आहे तोवर खाल्लं पाहिजे' हे डोक्यात आलं, आणि 'पाहिजे' आलं की झालं. ती मागणी स्वतःकडूनच आलेली असली तरी मान पकडली जातेच. अंघोळ, झोप, मित्राला फोन, आवडीचा पिक्चर, कशाचीही 'मागणी' होऊ शकते.

लहानपणी तो तबला वाजवायचा. कोणी न सांगता तासन् तास. सरांना वाटलं, पोरगा चांगला आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसवू. फॉर्म भरला, रोज एक तास रियाझ ठरला, घरात वेळापत्रक लागलं. त्यानंतर त्याने तबल्याला हात लावला नाही. वडील म्हणाले, नाद संपला. नाद संपलेला नव्हता. तो मला म्हणाला, "अजूनही ट्रॅफिकमध्ये बोटं चालतात रे. पण कोणी बघत नसताना."

हे असं का होतं? याचं छापील, सर्वमान्य उत्तर अजून नाही. पण अभ्यासकांचा बराचसा रोख चिंतेकडे आहे, आणि अनिश्चितता सहन न होण्याकडे. कोणी काही मागितलं की पुढचा थोडा वेळ तुमच्या ताब्यातून त्याच्या ताब्यात जातो. बहुतेकांना ते जाणवतही नाही. काहींच्या मेंदूत तिथे धोक्याची घंटा वाजते.

आपल्या भाषेत सांगतो. सर्व्हर लोडने वाकलाय. उत्तर देत नाही. शहाणा क्लायंट काय करतो? थांबतो. मग दुप्पट थांबतो, मग पुन्हा विचारतो. बावळट क्लायंट काय करतो? उत्तर आलं नाही म्हणून सेकंदाला दहा रिक्वेस्ट मारतो. आणि मग जो सर्व्हर मिनिटभरात सावरला असता तो पार झोपतो. ही चूक नवख्या इंजिनिअरने केली तर आपण कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतो. आणि तीच चूक माणसाच्या बाबतीत आपण एचआरच्या सही-शिक्क्यानिशी करतो. त्याला पीआयपी म्हणतो.

माझ्या मित्राचा पीआयपी काय होता बघा. रोज सकाळी दहाला स्टेटस. रोज संध्याकाळी मेल. दर सोमवारी लेखी उद्दिष्टं, दर शुक्रवारी त्यांचा हिशोब. टाइमशीट तासाचं नाही, अर्ध्या तासाचं. ज्या माणसाला एका मागणीने घाम फुटतो त्याच्यावर दिवसाला वीस मागण्या. आणि ४०व्या दिवशी आम्ही सगळे मान डोलावून म्हणालो, बघा, एवढी संधी देऊनही सुधारला नाही.

हाच माणूस रात्री दोनला प्रॉडक्शन पडलं की कोणी न बोलावता कॉलवर यायचा आणि तासाभरात लॉगच्या ढिगाऱ्यातून नेमकी ओळ काढून द्यायचा. कोणी न बोलावता! हे तीन शब्द तेव्हा कोणाला दिसले नाहीत. मलाही नाही.

आता तुमच्या मनात जे आक्षेप आलेत ते मला माहीत आहेत. कारण ते सगळे मी स्वतः घेऊन झालेत. एकेक घेऊ.

पहिला: "मलाही सोमवारी ऑफिसला जावंसं वाटत नाही. मग मीपण पीडीए?" नाही भावा. तुला जावंसं वाटत नाही, तरी तू जातोस, आणि अकरापर्यंत विसरून जातोस. टाळणं आपण सगळेच करतो. इथे प्रश्न प्रमाणाचा आणि किमतीचा आहे. भूक लागली असताना खायला न येणं, बँकेत पैसे असताना लाईट बिल तीन महिने थकणं, दुखऱ्या दाताची अपॉइंटमेंट पाच वेळा घेऊन पाचही वेळा न जाणं. यात त्याचा कसला आलाय फायदा? ज्यात स्वतःचंच नुकसान होतं त्याला चलाखी म्हणत नाहीत.

दुसरा: "हे असलं नाव डॉक्टरांच्या पुस्तकात तरी आहे का?" नाही. आणि हे लपवायचं कारण नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या डीएसएम-५ मध्ये नाही, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही नाही. हा वेगळा प्रकार आहे, की ऑटिझम अधिक चिंता, की आणखी काही, यावर संशोधकांत जोरदार वाद आहे. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांच्यासारख्यांना मुळात 'पॅथॉलॉजिकल' या शब्दावरच आक्षेप आहे. नकाराला आजार म्हटलं की हुकूम देणारा आपोआप निरोगी ठरतो, आणि त्याच्या हुकमाची चौकशी कोणी करत नाही. काही ऑटिस्टिक लोक म्हणूनच याला स्वायत्ततेची ओढ म्हणतात. मला हा आक्षेप पटतो. पण मित्रांनो, नावावर वाद आहे याचा अर्थ ती माणसं नाहीत असा होत नाही. बगला तिकीट नंबर मिळाला नाही म्हणून बग नसतो का?

तिसरा: "घरी लाड झाले असतील." हा आपला खास आवडता. लाड? आपल्याकडे? आपण शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायचो, त्याच्या शेवटी काय असायचं आठवतं? 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. दोन दिवस ताप होता एवढं कळवायलासुद्धा आज्ञाधारकपणाची सही लागायची. आपल्या घरांत चांगल्या मुलाची व्याख्याच 'सांगितलेलं ऐकतो' ही आहे. अशा घरात या मुलांचे लाड होत नाहीत, त्यांना धपाटे मिळतात. माझ्या मित्राला भरपूर मिळाले. धपाट्याने हे बरं होत असतं तर तो आज सीईओ असता.

चौथा, आणि हा खरा आक्षेप आहे: "मग काम कोण करणार?" हा मी हसण्यावारी नेणार नाही. त्या सहा महिन्यांत त्याचं राहिलेलं काम मी तीन शनिवार बसून केलंय. टीममधल्या एका मुलीने आजारी वडिलांना भेटायला जायचं पुढे ढकललं. तिचा राग खोटा नव्हता. एकाची सोय म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर बोजा, हे चालणार नाही आणि चालू नये. काही कामं अशी असतात की तिथे 'आत्ता, लगेच' याला पर्यायच नसतो, आणि ती या माणसाला देऊ नयेत. पण एक हिशोब करा. आम्ही पीआयपी लावल्यावर काम वाढलं का? कमी झालं. तो गेल्यावर त्याच्या जागी माणूस मिळून, शिकून तयार व्हायला पाच महिने गेले. ते काम कोणी केलं? आम्हीच! बोजा टाळायचा म्हणून जो उपाय केला त्याने बोजा दुप्पट झाला. हे गणित आठवीतलं पोरगंही सोडवेल.

आणि ही नुसती भूतदयेची गोष्ट नाही, कायद्याची आहे. १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ७ प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा २०१७ मध्ये लागू झाला, त्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यातला एक आहे. त्या कायद्यात 'वाजवी सोय' अशी कल्पना आहे, म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता करता येतील असे आवश्यक बदल. आणि अशी सोय नाकारणं हा भेदभावच, असं कायदा म्हणतो. २०१७च्या नियमांप्रमाणे २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. तुमच्या कंपनीचं धोरण कधी उघडून पाहिलंय? मी नव्हतं पाहिलं. बहुतेकांचं धोरण रॅम्प आणि लिफ्टपाशी संपतं. रॅम्प हवाच. पण 'सीसीमध्ये मॅनेजर घालू नका' हाही कोणासाठी तरी रॅम्पच असतो.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याची केस आली होती. मानसिक आजार असलेला अधिकारी, आणि त्याच्यावर गैरवर्तनाची खातेनिहाय चौकशी. न्यायालयाने म्हटलं की त्या वर्तनामागच्या कारणांपैकी आजार हे एक कारण असलं तरी पुरे, अशी चौकशी हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. हुकमावर चालणाऱ्या दलाच्या बाबतीत न्यायालय हे म्हणतं, आणि आपण एसीत बसून, बीनबॅगवर लोळत, 'डिसिप्लिन' म्हणून टेबल वाजवतो.

आता हे ऑटिझमचं निदान तरी किती जणांकडे असतं? आपल्याकडे मराठीत शब्दच 'स्वमग्न'. स्वतःत मग्न! म्हणजे जो माणूस लोकांच्या अपेक्षांनी इतका घेरला जातो की त्याला श्वास घेता येत नाही, त्याला आपण स्वतःत मग्न म्हणतो. आणि तोही फक्त लहान मुलांसाठी. दर २ एप्रिलला पेपरात येतात ते लहान मुलांचेच फोटो. ज्याने इंजिनिअरिंग केलं, जो पगार आणतो, त्याला हे असू शकतं हे डोक्यातच येत नाही. निदानाला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि अपॉइंटमेंट घ्यावी लागते. अपॉइंटमेंट ही पुन्हा एक मागणीच! माझ्या मित्राला तिथे पोचायला दोन वर्षं लागली. म्हणून माझं म्हणणं असं, की कागद येईपर्यंत माणसाशी नीट वागायला थांबू नका. खालच्या गोष्टींना कागद लागत नाही.

मी आता काय करतो ते सांगतो. फार काही ग्रेट नाही.

'पाचच्या आत कर' याऐवजी 'पाचला बिल्ड निघतोय' एवढंच सांगतो. माहिती देतो, हुकूम देत नाही. का हवंय ते सांगतो. काय हवंय ते दोघं मिळून ठरवतो, कसं आणि कोणत्या क्रमाने ते त्याच्यावर सोडतो. एकदा सांगितलं की मागे लागत नाही, एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ. चॅटवर 'झालं का?' हे दोन शब्द मी गेलं वर्षभर कोणालाही लिहिलेले नाहीत. सीसी बंद. आणि एखादी गोष्ट खरंच टाळता येणारी नसेल तर तसं सरळ सांगतो, साखर न लावता.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पालकांना जे सल्ले देतात त्यात 'मागणी लपवून मांडा, खेळासारखी मांडा' असाही एक असतो. लहान मुलांचं मला माहीत नाही. मोठ्या माणसाला ते करू नका. 'तुला जमलं तर बघ हं' असं गोड म्हणायचं आणि जमलं नाही की तोंड पाडायचं, याला तो तुमच्या आधी ओळखतो. पर्याय द्यायचा असेल तर खरा द्या, ज्यात 'नाही' म्हटलं तरी चालतं असा.

आणि गंमत बघा, यातली एकही गोष्ट फक्त ऑटिस्टिक माणसासाठी नाही. माझी अख्खी टीम याने सुखी झालीय. कारण सारखं मागे लागलेलं कोणालाच आवडत नाही. फरक एवढाच की बाकीच्यांना ते खुपतं आणि काहींना ते मोडतं.

ज्या मगरपट्ट्यात बसून आम्ही हे सगळं केलं, त्या मगरपट्ट्याची गोष्ट हडपसरात सगळ्यांना माहीत आहे. शहर अंगावर येत होतं, जमिनी आज ना उद्या जाणारच होत्या. चारशे एकरांवर जमीन, शंभरावर शेतकरी कुटुंबं. त्यांनी जमीन बिल्डरच्या घशात घातली नाही. स्वतःची कंपनी काढली, जमिनीचे भागधारक झाले, आणि २०००च्या सुमारास स्वतःच टाउनशिप उभारायला घेतली. त्यांचा शहराला विरोध नव्हताच. आमच्या जमिनीवर काय होणार ते आमच्या हातात राहू द्या, एवढंच म्हणणं होतं. याचं आपण कौतुक करतो, आणि करायलाच पाहिजे. आणि त्याच जमिनीवरच्या आठव्या मजल्यावर एक जण जेव्हा म्हणतो की काम करतो, पण माझा हात माझ्या हातात राहू दे, तेव्हा आपण त्याच्या फॉर्ममध्ये ओळ लिहितो.

सध्या तो घरूनच दोन छोट्या क्लायंट्सची कामं करतो. सगळं छान झालं असं सांगणार नाही. उत्पन्न निम्म्यावर आलंय. महिन्यात चार-पाच दिवस असे जातात की काहीच होत नाही. पण क्लायंट पंधरा दिवसांनी फक्त काम बघतात, मधे विचारत नाहीत, आणि काम मिळतं.

दिवाळीत त्याच्या घरी गेलो होतो, सोलापूरला. काकू चकलीची ताटली पुढे ठेवत म्हणाल्या, "अरे, रिपोर्ट आम्हाला इंग्रजीत कळला नाही. त्यानेच सांगितला मग मराठीत. पण एक सांगू का तुला? हे तो पाचवीत होता तेव्हापासून सांगतोय. आई, करवत नाही. आई, करवत नाही. आम्ही म्हणायचो, सोंग करू नकोस."

मला काही बोलवलं नाही. (बघा, पुन्हा शक्य क्रियापद.)

पुण्याला परत आल्यावर एचआरला मेल लिहिला की तीन वर्षांपूर्वीची माझी ती ओळ चुकीची होती, बदलायची आहे. उत्तर आलं की ते अप्रेजल सायकल बंद झालंय, रेकॉर्डमध्ये बदल करता येत नाही. सिस्टीम अलाऊ करत नाही म्हणे.

ठीक आहे. तिथे नाही तर इथे लिहितो. त्याला काम करायचं होतं. करवत नव्हतं. आणि आम्ही ते करवेल असं काहीही केलं नाही.